राखीव वेळ

मंत्र्यांचा दौरा ठरला की जिल्ह्याच्या ठिकाणी एक कागद येतो. सकाळी शासकीय विश्रामगृहात आगमन, नंतर आढावा बैठक, भूमिपूजन, शेतकरी मेळावा, एका लग्नाला सदिच्छा भेट. या कागदावर मध्येच एक शब्द असतो : राखीव. दुपारी एक ते तीन राखीव. हे दोन तास प्रत्यक्षात कसे जातात ते विश्रामगृहाच्या खानसाम्याला विचारावे. व्हरांड्यात बदलीचे अर्ज घेऊन माणसे उभी असतात, आत जेवणाच्या ताटाभोवती तालुक्याचे राजकारण चालू असते आणि साहेबांचा हात भाकरीवर कमी, टेलिफोनवर अधिक असतो. साऱ्या दौऱ्यात सर्वांत गर्दीचा वेळ कुठला असेल, तर तो हा राखीव वेळ.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला पुढाऱ्यांची वाण कधी पडू दिली नाही. साखर कारखाना, जिल्हा बँक, शिक्षणसंस्था आणि विधानसभा अशा चार दगडांवर एकाच वेळी पाय ठेवून उभी असलेली माणसे इथे घरोघरी सापडतात. त्या सगळ्यांच्या आधीचे आणि त्यांतल्या बहुतेकांनी ज्यांना आपले मानले ते यशवंतराव चव्हाण. मुख्यमंत्री, संरक्षणमंत्री, गृहमंत्री, अर्थमंत्री, परराष्ट्रमंत्री, उपपंतप्रधान. इतकी ओझी वाहिलेल्या या माणसाच्या कराडच्या घराचे नाव मात्र 'विरंगुळा' असे आहे. यशवंतरावांच्या चरित्राकडे आजवर सत्तेच्या बाजूने पुष्कळांनी पाहिले आहे. मला ते या घराच्या नावाच्या बाजूने पाहावेसे वाटते. पदांच्या मधल्या, कोणी न मागितलेल्या, कुठल्याही कार्यक्रमपत्रिकेत नसलेल्या वेळेचे या माणसाने काय केले?

जन्म १२ मार्च १९१३ चा, देवराष्ट्रे या आजोळच्या गावी. तेव्हा ते गाव सातारा जिल्ह्यात होते. १९४९ साली जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि १९६० साली दक्षिण सातारा जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे यशवंतराव आजच्या हिशेबाने जन्माने सांगलीचे आणि वाढीने साताऱ्याचे ठरतात. वडील लहानपणीच गेले. आई विठाबाईंनी आणि थोरल्या भावांनी ओढाताण करून संसार चालवला. मुलगा कराडच्या टिळक हायस्कुलात शिकू लागला आणि त्याला कृष्णेचा घाट मिळाला.

कराडचा संगम ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणाऱ्या दोन नद्या, कृष्णा आणि कोयना, इथे समोरासमोर येऊन मिळतात आणि मग एकत्र होऊन पूर्वेकडे वळतात. पुढे हीच कृष्णा औदुंबरावरून सांगलीला जाते. संगमाच्या वाळवंटात संध्याकाळी बसलेल्या माणसाला दोन्हीकडून येणारे पाणी दिसते. गरिबाच्या घरात एकट्याची खोली नसते. अभ्यासाला देऊळ आणि विचाराला नदीकाठ, अशी त्या काळातल्या पुष्कळ मुलांची सोय होती. यशवंतरावांनी पुढे आत्मचरित्र लिहिले तेव्हा नाव 'कृष्णाकाठ' दिले, ते केवळ भूगोलासाठी दिले असेल असे वाटत नाही.

पहिला सक्तीचा राखीव वेळ सरकारने दिला. १९३२ च्या कायदेभंगात शाळकरी यशवंतरावांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली आणि वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ते येरवड्याच्या कँप जेलमध्ये दाखल झाले. तिथे आचार्य भागवत आणि रावसाहेब पटवर्धन यांच्यासारखी माणसे होती. कोणी संस्कृत काव्य समजावून सांगे, कोणी मार्क्स, कोणी गांधीविचार. बराकीत वाद रंगत आणि निकाल लावण्याची कोणाला घाई नसे, कारण संध्याकाळी कुठे जायचेच नव्हते. कराडच्या शाळेत जे मिळाले नसते ते या मुलाला तिथे मिळाले : एखादा प्रश्न आठ-पंधरा दिवस डोक्यात तसाच राहू द्यायचा, तो उलटापालटा करायचा, आणि समोरच्याचे म्हणणे आपल्यापेक्षा बरे आहे का ते पाहायचे. तुरुंगातून ते अधिक कडवे होऊन बाहेर आले नाहीत, अधिक वाचलेले होऊन आले.

त्यानंतर १९३४ ला मॅट्रिक, १९३८ ला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून बी. ए., १९४१ ला पुण्याहून एल्एल. बी. मधल्या काळात ते मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे ओढले गेले. महायुद्ध सुरू झाल्यावर रॉय यांनी ब्रिटिशांच्या युद्धप्रयत्नाला पाठिंबा दिला, तेव्हा यशवंतराव त्यांच्यापासून दूर झाले. ज्याला आपण गुरू मानले त्याचा तर्क बिनचूक असला तरी आपल्या मुलखातल्या माणसांना तो पटणार नाही, आणि त्यांचे न पटणेही विचारात घ्यायला हवे, हे त्यांना कळले. पुढच्या राजकारणाची ही नांदी होती.

जून १९४२ मध्ये फलटणच्या मोरे घराण्यातील वेणूताईंशी लग्न झाले. दोन महिन्यांत 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि नवरदेव भूमिगत झाला. तासगाव, वडूज, इस्लामपूर इथल्या मोर्चांचा तो सप्टेंबर. वडूज आणि इस्लामपूरला गोळीबार झाले, माणसे पडली. घरावर तर संकटांची रांगच लागली. वेणूताईंना अटक झाली, त्यांची प्रकृती कायमची ढासळली, यशवंतरावही पकडले गेले. १९४६ साली मुंबई सरकारात पार्लमेंटरी सेक्रेटरी म्हणून बोलावणे आले, तेव्हा घरात आजारपण होते आणि पुढचा रस्ता दिसत नव्हता. कराड सोडून मुंबईला निघाले त्या क्षणापाशी 'कृष्णाकाठ' संपते. इथून पुढे त्यांच्या दिवसाचा मालक दुसराच कोणी तरी झाला.

मी उमेदीची पस्तीस वर्षे बँकेत काढली. शाखाधिकाऱ्याच्या टेबलासमोरची खुर्ची दिवसभर रिकामी राहत नाही. ऊसबिलाचा प्रश्न, पीककर्जाचा प्रश्न, अडकलेला ड्राफ्ट, आणि जो येईल त्याच्या प्रश्नाला उत्तर देणे हेच काम. संध्याकाळी शटर निम्मे खाली आले, कॅशियरची रोकड जुळली, की दुपारी चटकन वाचलेला प्रस्ताव मी पुन्हा काढी. उपसा सिंचनाची योजना असे. विहीर, मोटार, पाइपलाइन, सभासदांचे सातबारे, सारे कागद जागच्या जागी. आणि अचानक एक प्रश्न सुचे, जो त्या खुर्चीत बसलेल्या कोणीच विचारलेला नसे : मे महिन्यात या नदीला पाणी किती असते? समोर माणूस बसलेला असतो तेव्हा आपण त्याच्या प्रश्नाचे उत्तर शोधतो. स्वतःचे प्रश्न खुर्ची रिकामी झाल्यावर येतात. एका शाखेची ही गोष्ट, तर राज्य चालवणाऱ्याची काय असेल?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी यशवंतराव द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. वय त्रेचाळीस. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात नेहरूंच्या बाजूला उभे राहिल्याबद्दल त्यांच्यावर शिव्याशापांचा भडिमार चालू होता. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात समितीने काँग्रेसची दाणादाण उडवली आणि खुद्द यशवंतराव कराडातून थोडक्या मतांनी तरले. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण करायला नेहरू आले. घाटरस्त्यांवर समितीची माणसे काळी निशाणे घेऊन हजारोंनी उभी होती. घाबरलेल्या मुख्यमंत्र्याने त्या दिवशी रस्ते मोकळे करून घेतले असते. यशवंतरावांनी निदर्शने होऊ दिली, समितीच्या नेत्यांनी शिस्त राखली, आणि मराठी माणसाच्या मनात काय आहे ते पंतप्रधानांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसले. त्यानंतरच्या अडीच वर्षांत यशवंतराव या विषयावर जाहीरपणे कमी बोलले आणि दिल्लीत जाऊन योग्य वेळी योग्य कानांत बोलले. रस्त्यावर लढले ते समितीचे लोक, रक्त सांडले तेही त्यांच्याच बाजूचे, हे विसरता येत नाही. परंतु १ मे १९६० चा दिवस उगवला त्यात या थांबून राहणाऱ्या माणसाचाही वाटा होता.

नवे राज्य हाती आल्यावर पहिल्या दोन वर्षांत त्यांनी काय केले त्याची यादी पाहावी. वसंतराव नाईक समिती नेमून जिल्हा परिषदांचा कायदा १९६१ साली केला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. धर्मांतरित बौद्धांना सवलती दिल्या. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यात उघडली. आणि १९६० सालीच साहित्य संस्कृती मंडळ स्थापून वाईच्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांना अध्यक्ष केले. त्यातूनच पुढे मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले आणि वाई हे त्याचे घर झाले. मंत्र्याकडे रस्ता मागणारे शिष्टमंडळ येते, धरण मागणारे येते, विश्वकोश मागणारे सहसा येत नाही. भेटीगाठींच्या वहीत जेवढी नावे आहेत तेवढेच जग, असे मानणाऱ्या मुख्यमंत्र्याला हे सुचलेच नसते. नव्या राज्याच्या भाषेला स्वतःचा ज्ञानकोश हवा, हे माणसाला एकटे असताना आणि हातात पुस्तक असताना सुचते. यशवंतरावांच्या हातात पुस्तक असे. ते प्रवासात वाचत, साहित्यिकांच्या बैठकीत ऐकत बसत. त्यांचा ग्रंथसंग्रह आज कराडच्या वेणूताई चव्हाण स्मारकात आहे.

मग आले १९६२. चिनी सैन्य खाली उतरले, कृष्ण मेनन गेले आणि नेहरूंनी यशवंतरावांना बोलावले. २१ नोव्हेंबरला त्यांनी संरक्षणमंत्री म्हणून शपथ घेतली आणि त्याच दिवशी चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. म्हणजे लढाई संपली होती आणि पराभव तेवढा ताब्यात आला होता. सैन्याचा धीर खचलेला, सेनापती आणि मंत्री यांच्यात अविश्वास. अशा वेळी नवा मंत्री धडाका दाखवतो. यशवंतरावांनी आधी ऐकले. सेनादलांच्या प्रमुखांबरोबर सकाळी अनौपचारिकपणे बसून बोलण्याची पद्धत त्यांनी चालवली. पराभवाची चौकशी झाली, आणि १९६४ पासूनची पाच वर्षांची संरक्षण योजना आखली गेली.

या धिम्या माणसाची कसोटी १ सप्टेंबर १९६५ ला लागली. छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले होते. त्या दिवशी दुपारी लष्करप्रमुख जनरल चौधरी आणि हवाई दलाचे प्रमुख अर्जनसिंग संरक्षणमंत्र्यांपुढे उभे राहिले : विमाने वापरायची का? १९६२ च्या युद्धात आपण लढाऊ विमाने वापरलीच नव्हती. त्या न वापरण्याबद्दल पुढे किती तरी चर्चा झाली. आणि वापरायची तर युद्ध कुठवर पसरेल याला अंत नव्हता. यशवंतरावांनी काही मिनिटांत होकार दिला. अंधार पडण्यापूर्वी पठाणकोटहून विमाने उडाली. त्या पहिल्या फेरीत आपलीही विमाने पडली, पण छांबची आगेकूच अडखळली.

ज्यांना लोक सावध आणि सबुरीचे म्हणत, त्यांनी आयुष्यातला सर्वांत मोठा निर्णय चहाचा कप निवण्याआधी घेतला. मला यात विरोध दिसत नाही. तो प्रश्न त्या दुपारी त्यांच्यापुढे पहिल्यांदा आलेला नव्हता. जवळजवळ तीन वर्षे, खाते हाती घेतल्या दिवसापासून, तो त्यांच्याबरोबर राहत असणार. फिरताना, वाचताना, रात्री दिवा मालवल्यावर. निर्णयाची घटका फार लहान असते, तिच्यात विचार मावत नाही. विचार आधी करून ठेवलेला असला तरच माणूस त्या घटकेला होय किंवा नाही म्हणू शकतो. त्या युद्धाच्या दिवसांतही यशवंतराव स्वतःच्या हाताने डायरी लिहीत होते. त्यांचे सचिव राहिलेले राम प्रधान यांनी ती २००७ साली इंग्रजीतून प्रसिद्ध केली. लढाई चालू असताना संरक्षणमंत्र्याला डायरीला वेळ मिळतो कसा, असे कोणी विचारील. ती लिहिल्यामुळेच दुसऱ्या दिवसासाठी डोके मोकळे राहत असेल, असे मला वाटते. परदेश दौऱ्यांतून ते वेणूताईंना लांबलचक पत्रे लिहीत, तीही पुढे 'विदेश दर्शन' या नावाने पुस्तकरूपाने आली. दिवसभर वाटाघाटी करून थकलेला मंत्री रात्री हॉटेलच्या खोलीत बसून बायकोला दिवसाचा वृत्तांत सांगतो, तेव्हा तो स्वतःलाही सांगत असतो.

इथेच थांबलो तर ही आरती होईल, म्हणून दुसरी बाजूही मांडली पाहिजे. विचार करणाऱ्याला दोन्ही बाजू दिसतात, आणि ज्याला दोन्ही बाजू दिसतात त्याचे पाऊल कधी कधी उचलत नाही. जुलै १९६९ मध्ये बंगलोरला राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारीवर यशवंतरावांनी इंदिरा गांधींच्या विरोधी गटाबरोबर, संजीव रेड्डींच्या बाजूने मत दिले. काही महिन्यांत पक्ष फुटला तेव्हा ते इंदिराजींच्या बाजूला होते. जुलै १९७९ मध्ये मोरारजी सरकारवर त्यांनी अविश्वासाचा ठराव आणला. राष्ट्रपतींनी त्यांना सरकार बनवायला बोलावले, आणि ते जमणार नाही असे त्यांना काही दिवसांत कळवावे लागले. मग ते चरणसिंगांच्या अल्पायुषी सरकारात उपपंतप्रधान झाले. कुंपणावरचे, ही पदवी त्यांना महाराष्ट्राने उगाच दिली नाही.

आणि सर्वांत बोचणारी गोष्ट त्यांच्याच गावात घडली. डिसेंबर १९७५, देशात आणीबाणी. कराडला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षा दुर्गा भागवत आणि स्वागताध्यक्ष परराष्ट्रमंत्री यशवंतराव. दुर्गाबाईंनी व्यासपीठावरून आणीबाणीविरुद्ध जे बोलायचे ते निर्भयपणे बोलून टाकले. यशवंतराव केंद्रीय मंत्रिमंडळात होते आणि राहिले. येरवड्याच्या बराकीत स्वातंत्र्याचा अर्थ शिकलेल्या या माणसाने एकान्तात काय विचार केला असेल, हे कोणीही सांगू शकत नाही. एकान्त माणसाला काय बरोबर ते दाखवतो. ते बोलण्याचे धैर्य वेगळ्या दुकानात मिळते, आणि त्याची किंमत वेगळी चुकवावी लागते. राखीव वेळेची महती गाताना एवढी तूट ताळेबंदात दाखवलीच पाहिजे.

शेवटची वर्षे तशी शांत होती. १९८० मध्ये ते साताऱ्यातून लोकसभेवर गेले, पुढे इंदिराजींच्या पक्षात परतले, आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष झाले. पूर्वीची गर्दी ओसरली होती. १ जून १९८३ रोजी वेणूताई गेल्या आणि घर रिकामे झाले. जन्मभर मागून न मिळणारा मोकळा वेळ अखेरीस असा, नको त्या वाटेने आला. त्या दिवसांत 'कृष्णाकाठ' पुरे झाले आणि १९८४ साली प्रसिद्ध झाले. पुढचा भाग मुंबईच्या दिवसांचा आणि त्यापुढचा दिल्लीचा, अशी योजना होती. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी यशवंतराव गेले आणि ते दोन्ही भाग मनातच राहिले.

हिशेब इथे अंगावर येतो. प्रतापगडच्या आदल्या रात्री त्यांना काय वाटत होते, बंगलोरला मत देताना तोल कुठे गेला, पंचाहत्तरच्या डिसेंबरात कराडच्या मांडवात बसून ते काय ऐकत होते, हे सांगू शकणारा एकच माणूस होता. त्याने आपले १९४६ पर्यंतचे आयुष्य सांगितले आणि सत्तेची अडतीस वर्षे सांगायची राहून गेली. विचारासाठी वेळ राखणारे जे थोडे पुढारी आपल्याकडे झाले त्यांतल्या एकाची ही गत. बाकीच्यांचे तर बोलायलाच नको. आजच्या आमदाराच्या मागे चोवीस तास मोबाइल आहे. लग्ने, दहावे, वाढदिवस, उद्घाटने यांतून त्याने एक संध्याकाळ चुकवली तर मतदारसंघात बोभाटा होतो की साहेब भेटत नाहीत. यात दोष एकट्या पुढाऱ्याचा नाही. त्याचा वेळ म्हणजे गावची चावडी असे आपणच ठरवून टाकले आहे, आणि मग त्याने दूरदृष्टी दाखवावी अशी अपेक्षाही आपणच धरतो.

यशवंतरावांची समाधी कराडला प्रीतिसंगमावर आहे. दर वर्षी २५ नोव्हेंबरला सकाळी तिथे पुढाऱ्यांची रीघ लागते. सातारा-सांगलीचे सगळे येतात, मुंबईहून मंत्री येतात. पुष्पचक्र वाहिले जाते, छायाचित्रे निघतात, वार्ताहरांना दोन शब्द सांगितले जातात आणि गाड्या पुढच्या कार्यक्रमाला निघतात. घाटाच्या पायऱ्या तिथून हाकेच्या अंतरावर आहेत. समोर दोन्ही नद्यांचे पाणी एकमेकांत मिसळत असते. एखाद्याने गाड्या पुढे पाठवून तासभर तिथे बसायचे ठरवले, तर त्या दिवशी पायऱ्यांवर जागा मिळायला काहीच अडचण पडणार नाही.